शिफारसीचा कागद

पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाच्या ध्यानात दोन गोष्टी हमखास राहतात. एक, देवळातली मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेनंतर ही घंटा इकडे आली असे सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे गावाच्या डोक्यावर उभा असलेला सरसगड. सरसगड सगळेच पाहतात. पण पालीपासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या रांगेत जो सुधागड आहे, तिकडे वाट वाकडी करून जाणारे थोडे. ज्याच्या नावावरून हा तालुका ओळखला जातो तोच हा गड. त्याचे जुने नाव भोरपगड. पुढे हा सारा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता, आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत पालीचा कारभार तिथूनच चाले.

आज या गडाची आठवण काढायला कारण घडले ते अगदी साधे. दहावी-बारावीचे निकाल लागले, की खेड्यापाड्यातल्या मास्तरांच्या दारात मुले येऊन उभी राहतात. हातात कागद, चेहऱ्यावर संकोच. "सर, एक शिफारसपत्र पाहिजे होतं." कोणाला वसतिगृहात जागा हवी असते, कोणाला शिष्यवृत्ती, कोणाला पेढीवर काम. मास्तर चष्मा पुसतात, आणि लिहितात. काय लिहितात? "सदर विद्यार्थी हुशार, होतकरू व सुस्वभावी असून त्याची वर्तणूक चांगली आहे." खाली सही, त्यावर शिक्का. झाले काम!

हे काम इतके सोपे आहे का? दुसऱ्यासाठी आपला शब्द कागदावर घालणे ही आपल्याकडे फार जुनी आणि फार जोखमीची गोष्ट आहे. तिचा इतिहास पाहू लागलो, तर तो आपल्याला थेट सुधागडाच्या पायथ्याशी आणून सोडतो.

आधी शब्दांकडे पाहू. 'शिफारस' हा शब्द फारसीतून आला. 'वशिला' अरबीतून फारसीच्या मार्गाने आला. मराठी दप्तरांत आणखी एक शब्द पदोपदी भेटतो, तो म्हणजे 'रदबदली'. कोणी अपराधात सापडला, कोणाचे वतन अडकले, की एखादा वजनदार माणूस मध्ये पडे आणि त्याच्यासाठी रदबदली करी. आपला घरचा मराठी वाक्प्रचार मात्र याहून बोलका आहे. आपण म्हणतो, "माझ्यासाठी एक शब्द टाका." टाकलेला शब्द परत उचलता येत नाही, हे त्या बोलण्यातच आले.

आणि या सगळ्यांच्या शेजारी उभा असलेला शब्द म्हणजे 'जामीन'. शिवाजी महाराजांच्या फौजेत नवा माणूस घ्यायचा, तर आधीपासून चाकरीत असलेल्या माणसाने त्याच्यासाठी जामीन राहावे लागे. म्हणजे शिफारस करणारा "हा चांगला आहे हो" एवढे म्हणून मोकळा होत नसे. नवा शिपाई पळाला, बेइमान निघाला, तर जाब जुन्या शिपायाला द्यावा लागे. गावगाड्यातही हीच रीत होती. माणूस वेळेवर हजर राहील याची हमी घेणारा तो हाजीरजामीन, आणि पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. आजच्या शिफारसपत्राचा आजोबा म्हणा ना हा जामीन! नातवाने आजोबांचे शब्द तेवढे घेतले, जबाबदारी मात्र वाटेत कुठेतरी टाकून दिली.

आता त्या काळात एखाद्या पोराला जामीन राहणारेच कोणी नसेल, तर त्याने काय करावे?

इथे बाळाजी आवजींची गोष्ट येते. चिटणीस घराण्यात चालत आलेली हकीकत अशी की, बाळाजींचे वडील आवजी हरी चित्रे हे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या पदरी होते. सिद्दीची मर्जी फिरली आणि आवजींचा प्राण गेला. त्यांची बायको आणि लहान मुलगे यांना परमुलखात विकण्यासाठी गलबतावर चढवले. गलबत राजापूरला लागले. तिथे मुलांच्या मामाने पैसे भरून त्या सर्वांना सोडवून घेतले. बाप गेलेला, घर गेलेले, मामाचा आसरा तेवढा उरलेला. अशा बाळाजीने काय केले? त्याने शिवाजी महाराजांना स्वतःच पत्र लिहिले. आपली सगळी हकीकत मांडली आणि चाकरी मागितली. महाराजांनी ते पत्र पाहिले. अक्षर मोत्यासारखे, मजकूर नेटका. लिहिणाऱ्याला बोलावून घेतले, आणि तोच पुढे स्वराज्याचा चिटणीस झाला.

या हकीकतीतला बखरीचा रंग बाजूला काढला, तरी तिच्यातले एक मर्म खरे उरते. ज्याच्यासाठी शब्द टाकायला कोणी नाही, त्याचे कामच त्याच्यासाठी शब्द टाकते. बाळाजीने आपल्याला लिहिता येते असे लिहून कळवले नाही. त्याने लिहून दाखवले.

त्या काळी असे पत्र लिहिणे हे शास्त्रच होते बरं का. बोरू, शाई आणि मोडी लिपी हे तर आलेच. पण कोणाला कसे लिहावे याचे नियम मुलांकडून घोटून घेत. वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार'. मानाच्या माणसाला 'राजश्री'. मग 'विनंती विशेष' म्हणून मूळ मजकूर. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा'. पत्र संपले अशी खूण म्हणून मोर्तब. 'मोर्तब सूद' झाले की पुढे कोणी एक अक्षर वाढवू शकत नसे. मायना चुकला तर मजकूर कितीही खरा असो, वाचणाऱ्याचे मन आधीच खट्टू व्हायचे. हे आजही खरे आहे. ज्याच्याकडे आपण काही मागतो, त्याचे नाव आणि हुद्दा धड न लिहिणारे अर्ज थोडे का असतात?

याच बाळाजींची आणखी एक गोष्ट सांगतात. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले, "पत्र लिहिले? वाचा पाहू." बाळाजींनी कोरा कागद हाती धरला आणि सबंध मजकूर घडाघडा वाचून दाखवला. मशाल धरणाऱ्याला कोरा कागद दिसत होता, त्याला हसू आवरेना. गुपित फुटले. महाराज रागावण्याऐवजी प्रसन्न झाले म्हणतात. गोष्ट घडली असेल-नसेल. पण ती टिकली याचे कारण आहे. कागद कोरा होता, तरी मजकूर पोकळ नव्हता. काय लिहायचे ते त्यांना पुरते ठाऊक होते.

आता सुधागडाकडे वळू. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर वारले. त्यानंतर गादी कोणाची, यावरून कारभाऱ्यांत तट पडले. काही मंत्र्यांनी लहानग्या राजारामाला पुढे केले. पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांना अटकेत ठेवावे अशी पत्रे पाठवायची ठरली. चिटणिसी परंपरा सांगते की, बाळाजींनी ते पत्र आपल्या हाताने लिहिण्याचे टाळले, तेव्हा ते त्यांचा मुलगा आवजी याच्याकडून लिहवून घेतले. बेत फसला. संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि मंत्र्यांना एकवार मोकळे केले.

पुढच्याच वर्षी, १६८१ साली, औरंगजेबाचा बंडखोर शहाजादा अकबर आश्रयासाठी दक्षिणेत आला. त्याला उतरायला जागा दिली ती याच सुधागडच्या परिसरात. असंतुष्ट कारभाऱ्यांनी अकबराशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला आणि अकबराकडूनच ती बातमी संभाजीराजांना कळली, असे इतिहासकार मानतात. मग राजांचा संताप अनावर झाला. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, त्यांचा मुलगा आवजी यांना देहान्त शासन झाले. ते झाले सुधागडच्या पायथ्याला, औंढे गावाजवळ. हत्तीच्या पायी दिले असे परंपरा सांगते. ज्याच्या अक्षराने त्याला राजदरबारी नेले, त्याचा शेवट पत्रांच्याच संशयात पालीच्या शेजारी झाला.

बाळाजींचा अपराध किती, यावर आजही वाद आहे. आपण त्यात न्यायाधीश होण्याचे कारण नाही. आपल्या विषयापुरते पाहायचे ते पुढचे आहे. बखरकार लिहितात की, या शिक्षेनंतर येसूबाईंनी राजांना स्पष्ट शब्दांत सांगितले, बाळाजींना मारले हे बरे केले नाही. राज्यात ज्याच्या नावाला बट्टा लागला आहे, ज्याच्यासाठी बोलण्यात धोका आहे, अशा घरासाठी शब्द टाकणे याला छाती लागते. आणि पुढे संभाजीराजांनीच बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याला चिटणिशी दिली. हे मात्र निर्विवाद.

तो शब्द वाया गेला नाही. संभाजीराजांच्या वधानंतर राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले, तेव्हा हा खंडो बल्लाळ त्यांच्याबरोबर होता. मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे चालला. १६९७ च्या अखेरीस राजारामांना त्या वेढ्यातून बाहेर काढायचे, तर मोगलांच्या छावणीतील शिर्क्यांची मदत हवी होती. शिर्क्यांनी मोबदल्यात खंडो बल्लाळाचे दाभोळचे वतन मागितले. त्याने ते देऊन टाकले, आणि छत्रपती सुखरूप बाहेर पडले. ज्या राजाने बापाला आणि भावाला मारले, त्याच राजाच्या गादीसाठी या मुलाने आपली वंशपरंपरेची भाकर सोडली. येसूबाईंच्या एका शब्दाला याहून मोठी पावती कोणती हवी?

राज्ये गेली, इंग्रज आले. जामिनाची जागा छापील दाखल्यांनी घेतली. 'सर्टिफिकेट' हा शब्द चुलीपर्यंत पोचला. तरी शब्द टाकण्याची खरी कसोटी तीच राहिली. याची तीन उदाहरणे सांगतो.

पहिले आपल्याच कोकणपट्टीला लागून आहे. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते. त्यांची काही काळ अलिबागला बदली होती. आपल्या पत्नीला, आनंदीबाईंना, शिकवायचे हा त्यांचा ध्यास. पुढे कोल्हापूरला असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यामार्फत मदत मागणारे पत्र लिहिले. उत्तर निराशेचे आले, धर्म बदलण्याची सूचनाही आली. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताला ते मासिक लागले. त्यांनी वाचले आणि त्या अनोळखी मराठी मुलीला पत्र धाडले. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्या याच बाईंच्या घरी. वैद्यक महाविद्यालयाला त्यांनी स्वतः अर्ज केला. त्यात आपली तयारी अपुरी आहे हे त्यांनी लपवले नाही, आणि आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून आपण शिकतो आहोत हे निक्षून सांगितले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. मागणाऱ्याने आपली उणीव कबूल केली म्हणून दार बंद होत नाही, हे त्या अर्जातून शिकावे.

दुसरे उदाहरण १९०६ सालचे. लंडनमधील पंडित श्यामजी कृष्णवर्मांनी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या. विनायक दामोदर सावरकरांनी अर्ज केला, आणि लोकमान्य टिळकांनी श्यामजींना पत्र लिहिले. ते पत्र कसे आहे? त्यात विशेषणांची खैरात नाही. इतके अर्ज आले असताना एकट्याची शिफारस करण्यात अर्थ नाही, असे ते आधीच म्हणतात. मग तीन-चार गोष्टी सांगतात. हा तरुण गेल्या वर्षी पदवीधर झाला. बाणेदार आहे, स्वदेशीचा कट्टर आहे, इतका की त्यापायी कॉलेजच्या चालकांची नाराजी त्याने ओढवून घेतली. सरकारी नोकरी करण्याचा त्याचा विचार नाही. चारित्र्य उत्तम आहे. बस्स! विलायती कपड्यांच्या होळीनंतर सावरकरांना दंड झाला होता, वसतिगृह सोडावे लागले होते. दुसऱ्या कोणी ती गोष्ट झाकली असती. टिळकांनी ती सांगितली, कारण वाचणाऱ्याला हवा असलेला माणूस त्या एका गोष्टीतच दिसत होता. पत्रातील प्रत्येक विधान पडताळून पाहता येण्यासारखे होते. जून १९०६ मध्ये सावरकर विलायतेला निघाले.

तिसरे उदाहरण मास्तरांसाठी खास आहे. मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी वाचत बसत. तिथे एक मुलगा रोज पुस्तकात डोके घालून बसलेला दिसे. त्यांनी चौकशी केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. भीमराव केळुसकरांच्या शाळेतला नव्हे. जातीचा नाही, नात्याचा नाही. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे पैशावाचून शिक्षण अडले, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी त्यांनीच शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर अमेरिकेला गेले. आणि १४ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ओंजळीत बागेतल्या एका मास्तरांच्या शब्दाचाही थेंब होता असे म्हणायला हरकत नाही.

केळुसकरांनी मुलगा दारात येण्याची वाट पाहिली नाही. ज्याला मागायचे कसे हेच ठाऊक नाही, ज्याच्या घरात कोणी साहेबाला ओळखत नाही, त्याला हुडकून काढले. वशिला आणि शिफारस यांतला फरक इथे आहे. वशिला ओळख पाहतो, शिफारस गुण पाहते. वशिल्याने एकाला जागा मिळते आणि लायक असलेल्या दुसऱ्याची जाते. खऱ्या शिफारशीने जे कोणाला दिसत नव्हते ते दिसू लागते.

हे सगळे सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे, तेही सांगतो. मी स्वतः पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. एका वर्षी तीन मुले एकाच शिष्यवृत्तीसाठी पत्र मागायला आली. मी कामात होतो. एकच मजकूर तिघांना लिहून दिला, फक्त नावे बदलली. तिघेही 'हुशार, होतकरू व सुस्वभावी'. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि हसून बाजूला सारले. त्या तिघांत एक मुलगा खरोखर वेगळा होता. बाप आजारी, घरची भातशेती तो करी, आणि रात्री कंदिलाशी बसून गणिते सोडवी. हे मला माहीत होते. मी ते लिहिले नाही. शिष्यवृत्ती त्याला मिळाली नाही, आणि तो पुढे शिकला नाही. पुष्कळदा मनात येते, बाळाजी आवजींनी कोऱ्या कागदावरून भरला मजकूर वाचला. मी भरल्या कागदावर कोरा मजकूर लिहिला!

म्हणून मास्तर मंडळींना हात जोडून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलाला आपण कधीपासून ओळखतो ते आधी लिहा. 'हुशार' लिहिण्याऐवजी त्याने काय केले ते लिहा. सहलीच्या पैशांचा हिशेब पै न् पै बरोबर ठेवला, असे एक वाक्य दहा विशेषणांना भारी पडते. जे आपल्याला ठाऊक नाही ते लिहू नका. आणि ज्याच्यासाठी मनापासून लिहिता येत नाही, त्याला गोड शब्दांत नाही म्हणा. गुळमुळीत पत्र हे नकारापेक्षा वाईट, कारण मुलगा ते मोठ्या आशेने खिशात घालून नेतो.

आणि मुलांनो, तुम्हीही ऐका. पत्र मागायला आदल्या दिवशी जाऊ नका. कशासाठी हवे, कोणाला पाठवायचे, मुदत कोणती, हे एका कागदावर लिहून न्या. मास्तरांना शंभर मुले असतात, तेव्हा आपण काय काय केले त्याची आठवण करून द्यायला लाजू नका. काम झाले, न झाले, तरी परत येऊन सांगा. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला तो आपला जामीन आहे. आपण घसरलो, तर त्याचा पुढचा शब्द हलका होतो, आणि तो शब्द मग आपल्या मागून येणाऱ्या पोराच्या उपयोगी पडत नाही.

पुढच्या वेळी बल्लाळेश्वराला जाल तेव्हा सवड काढून सुधागडाकडेही एक नजर टाका. त्याच्या पायथ्याशी एका मोठ्या लेखणीचा शेवट झाला. त्या घराची लेखणी मात्र थांबली नाही, कारण अडचणीच्या दिवसांत कोणीतरी त्या घरासाठी एक शब्द टाकला होता.

बहुत काय लिहिणे? लोभ असो द्यावा.